प्रेमकादंबरीच्या वाचकाचा अभिप्राय

१

एखादी प्रेमकादंबरी वाचून झाल्यावर 'आवडली', 'नायक पटला नाही', 'शेवट उगाच दुःखी केला आहे' असे वाचक म्हणतो. या उद्गारांना समीक्षा म्हणावे काय, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. रूढ समजुतीनुसार अभिप्राय हा व्यक्तिगत आवडीनिवडीचा उद्गार असतो, तर समीक्षा हा निकषांच्या आधारे दिलेला निर्णय असतो. अभिप्रायाला कारणे देण्याची जबाबदारी नसते. समीक्षेला ती टाळता येत नाही. ही विभागणी सोयीची आहे. परंतु ज्या साहित्यप्रकाराचा वाचक एकाच साच्यातील कितीतरी कादंबऱ्या वाचतो, त्यांची परस्परांशी तुलना करतो आणि एखादी नेमकी कोठे फसली हे सांगू शकतो, त्या प्रकाराच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही.

मराठी समीक्षेने रंजनप्रधान कादंबरीचा विचार केला नाही, असे म्हणता येणार नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मधील 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव हा भेद मांडला. त्यांच्या विवेचनातील 'रोमान्स' म्हणजे आजची प्रेमकादंबरी नव्हे. 'मुक्तामाला' (१८६१) सारख्या अद्भुतरम्य कथनांची परंपरा त्यांच्यासमोर होती. कुसुमावती देशपांडे यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेतला. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना रंजनाच्या धारेची मूल्यदृष्ट्या कठोर तपासणी केली. या सर्व विवेचनांत कादंबरी आहे, कादंबरीकार आहे, समाजस्थितीही आहे. वाचक मात्र बहुधा गृहीत धरलेला आहे. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी निगडित असलेल्या 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादातही हेच दिसते. वाचकाला आनंद हवा असतो, असे एक पक्ष सांगतो. वाचकावर संस्कार व्हावयास हवा, असे दुसरा. दोन्ही पक्ष वाचकाच्या वतीने बोलतात आणि तो स्वतः दोन्हीकडे मूक राहतो.

हा दोष मराठीपुरता मर्यादित नाही. क्यू. डी. लीव्हिस यांनी 'फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक' (१९३२) या ग्रंथात इंग्लंडमधील वाचकवर्गाचा जवळजवळ मानववंशशास्त्रीय पद्धतीने अभ्यास करण्याचा प्रयत्न केला. तरी त्यांनी आपली प्रश्नावली पाठवली ती लोकप्रिय लेखकांना. वाचकाच्या अभिरुचीची ऱ्हासकथा लिहिली गेली, पण त्याची साक्ष नोंदवली गेली नाही. ही साक्ष गांभीर्याने घेणारा महत्त्वाचा ग्रंथ म्हणून जॅनिस रॅडवे यांच्या 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) कडे पाहावे लागते. वाचकाच्या अभिप्रायाचे सामर्थ्य आणि त्याची समीक्षेकडून होणारी कोंडी, या दोन्ही गोष्टी या एकाच ग्रंथात पाहावयास मिळतात.

२

रॅडवे यांनी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका गावातील प्रेमकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांचा अभ्यास केला. गावाला त्यांनी 'स्मिथटन' हे कल्पित नाव दिले. अभ्यासाच्या केंद्रस्थानी पुस्तकाच्या दुकानात काम करणारी एक स्त्री होती. तिलाही 'डॉट' हे टोपणनाव दिलेले आहे. नव्याने बाजारात आलेल्या प्रेमकादंबऱ्या वाचून त्यांच्यावरील आपली मते ती एका वार्तापत्रातून प्रसिद्ध करीत असे आणि त्यांची प्रतवारीही लावीत असे. तिचा सल्ला घेऊन पुस्तके विकत घेणाऱ्या स्त्रियांचा एक समूह तयार झालेला होता. त्यांपैकी ४२ जणींनी प्रश्नावली भरून दिली आणि १६ जणींशी रॅडवे यांनी सविस्तर चर्चा केली. ही संख्या लहान आहे. तीवरून सर्वसामान्य निष्कर्ष काढता येत नाहीत. परंतु येथे संख्येपेक्षा महत्त्वाचे हे, की अभिप्रायाला प्रथमच पुराव्याचा दर्जा मिळाला.

या अभिप्रायांची पहिली विशेषता अशी, की ते दिसतात तितके व्यक्तिगत नाहीत. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये विशद केलेली अर्थनिर्णायक समूहाची कल्पना रॅडवे यांनी प्रत्यक्ष वाचकांना लावून पाहिली. समान सवयी, समान अपेक्षा आणि समान शब्दसंग्रह असलेला वाचकसमूह संहितेचा अर्थ एका विशिष्ट दिशेने लावतो. स्मिथटनच्या स्त्रिया 'चांगली' आणि 'वाईट' कादंबरी यांत जो भेद करीत, तो डॉटच्या वार्तापत्राने, आपसातील पुस्तकांच्या देवघेवीने आणि वर्षानुवर्षांच्या वाचनाने घडलेला होता. म्हणजे 'मला आवडली' या वाक्यातील 'मला' हा शब्द एकवचनी असला, तरी त्यामागे एक परंपरा बोलत असते. परंपरेतून आलेली, इतरांना समजणारी आणि वादविषय होऊ शकणारी आवड म्हणजेच निकष होय.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हे अधिक नेमकेपणाने सांगता येते. अभिनवगुप्तांचा सहृदय जन्मजात असत नाही. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे आणि म्हणून जो वर्ण्यविषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. या लक्षणात अभ्यासाला मध्यवर्ती स्थान आहे. काव्य कोणत्या दर्जाचे असावे, ही अट अभिनवगुप्तांना अर्थातच अभिप्रेत होती. तिच्याकडे डोळेझाक करून प्रेमकादंबरीच्या वाचकाला सरसकट सहृदय ठरविणे उथळपणाचे होईल. तथापि अनुशीलन हे लक्षण मान्य केले, तर ज्या वाचकाने एखाद्या प्रकाराचे अनुशीलन केलेले आहे, त्याला त्या प्रकारापुरते तरी अधिकारी मानणे क्रमप्राप्त आहे. ज्या समीक्षकाने या प्रकारातील दोन-तीन पुस्तके चाळून निर्णय दिला, त्याचा अधिकार मात्र याच लक्षणानुसार संशयास्पद ठरतो.

३

हा अधिकार कसा व्यक्त होतो, हे दोन उदाहरणांवरून पाहता येईल.

स्मिथटनच्या काही वाचक पुस्तक घेण्यापूर्वीच त्याचा शेवट वाचून पाहत. शेवट सुखान्त आहे याची खात्री झाल्याखेरीज त्या वाचनास प्रवृत्त होत नसत. आधुनिक वाचनसंस्कारात ही जवळजवळ अक्षम्य गोष्ट मानली जाते. फडक्यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) पासून मराठीत कादंबरीच्या तंत्राची जी चर्चा रूढ झाली, तिच्यात कथानकाची गुंतागुंत, वाचकाची उत्कंठा आणि उकल यांना मोठे स्थान आहे. रंजनप्रधान कादंबरीवर आक्षेप घेणारेही याच गृहीतावर उभे असतात: वाचक 'पुढे काय होते' या हलक्या कुतूहलाने ओढला जातो, असे ते म्हणतात. शेवट आधी वाचणारी स्त्री हे कुतूहल स्वतःहून सोडून देते. काय होणार हे तिला ठाऊक असते. ते कसे घडते, कोणत्या टप्प्यांनी घडते, आणि त्या टप्प्यांवर स्त्रीचा मान राखला जातो की नाही, याकडे तिचे लक्ष असते. सीतास्वयंवराचे आख्यान ऐकणाऱ्या श्रोत्याला धनुष्य कोण उचलणार हे माहीत नसते काय? ज्ञात शेवटाच्या दिशेने जाणाऱ्या कथनाचा आस्वाद हा आस्वादाचा एक जुना आणि प्रगल्भ प्रकार आहे. ही तुलना मूल्यांची नसून वाचनरीतीची आहे. तिच्यामुळे एवढे मात्र स्पष्ट होते, की 'उत्कंठेचा गुलाम' हे प्रेमकादंबरीच्या वाचकाचे चित्र बव्हंशी समीक्षेनेच रंगविलेले आहे.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. या प्रकारातील नायक पुष्कळदा आरंभी उद्धट, निष्ठुर, प्रसंगी हिंसक असतो. स्मिथटनच्या वाचकांना नायिकेवरील बलात्कार आणि शारीरिक छळ यांविषयी तीव्र तिटकारा होता. नायकात त्यांना बुद्धिमत्ता, हळुवारपणा आणि विनोदबुद्धी हवी होती. तरीही काही कादंबऱ्यांमधील नायकाचा कठोरपणा त्या स्वीकारीत आणि तसाच कठोरपणा दुसऱ्या कादंबरीत आढळला, की ती फसली असे म्हणत. हा विसंवाद आहे काय? त्यांच्या बोलण्याचा धागा पकडला, तर तसे दिसत नाही. नायकाचे वर्तन गैरसमजातून किंवा जुन्या जखमेतून आले आहे, याची पुरेशी पूर्वतयारी कथनात झाली असेल आणि पुढे त्याचे खरोखर परिवर्तन दाखविले असेल, तर त्या वर्तनाला त्या जागा देतात. कारण नुसतेच सांगितले असेल, दाखविले नसेल, तर देत नाहीत. हा औचित्याचा निकष आहे. क्षेमेंद्राचे नावही न ऐकलेला वाचक पात्राचा स्वभाव, कृती आणि परिणाम यांची संगती तपासतो, तेव्हा तो साहित्यसमीक्षाच करीत असतो.

४

नेमक्या याच ठिकाणी रॅडवे यांची वाट वाचकांपासून वेगळी होते. त्यांनी प्रॉपच्या पद्धतीने आदर्श प्रेमकथेची १३ टप्प्यांची संरचना मांडली आणि नॅन्सी चोडोरो यांच्या मनोविश्लेषणाच्या आधारे तिचा अर्थ लावला. कुटुंबात सर्वांची काळजी वाहणाऱ्या स्त्रीची काळजी कोणी वाहत नाही. कादंबरीतील नायकाच्या हळुवारपणात तिला ही उणीव भरून निघाल्याचा प्रत्यय येतो. 'हा वेळ फक्त माझा आहे' असे म्हणून पुस्तक उघडणे ही घरातील अखंड मागण्यांविरुद्धची एक छोटी बंडखोरी असते. परंतु कथा मात्र पुरुषाचा कठोरपणा हे प्रेमाचेच झाकलेले रूप आहे असे शिकवते आणि स्त्रीला पुन्हा त्याच व्यवस्थेत आणून सोडते. वाचनाची कृती विरोधाची आणि वाचलेली संहिता समर्थनाची, असा हा प्रसिद्ध निष्कर्ष आहे.

कृती आणि संहिता यांतील हा भेद रॅडवे यांची मोठी देणगी आहे. तथापि त्यात एक गोष्ट हरवते. वाचकांचे अभिप्राय येथे निर्णय राहत नाहीत. ते लक्षणे बनतात. रुग्ण आपल्या दुखण्याविषयी बोलतो आणि वैद्य त्या बोलण्यातून निदान काढतो, तसे हे नाते होते. रुग्णाशी वैद्य वाद घालीत नाही. स्मिथटनच्या स्त्रीने नायकाच्या कठोरपणाविषयी दिलेली कारणे पुरेशी आहेत की नाहीत, हा प्रश्न तिच्याशी समान भूमीवर चर्चिला जात नाही. ती तसे का म्हणते, एवढेच समजावून दिले जाते. 'आपण स्त्रीवादी' आणि 'त्या वाचक' अशी दरी यातून निर्माण होते, ही ईन आंग यांची टीका होती.  १९९२ मध्ये जेन अ‍ॅन क्रेंट्झ यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहात प्रेमकादंबऱ्यांच्या लेखिकांनीच समीक्षेला उत्तर दिले: वाचकाला कल्पना आणि वास्तव यांतील फरक कळतो.

हे उत्तरही अपुरे आहे. फरक कळतो म्हणून कल्पना निर्दोष ठरत नाही. कथेच्या आत औचित्य सिद्ध झाले, तरी कथेबाहेरचा प्रश्न शिल्लक राहतो: अपमान सोसत राहिले की अखेर प्रेम उमलते, या रचनेला पुनःपुन्हा औचित्य मिळवून देणारी अभिरुची स्त्रीच्या हिताची आहे काय? हा प्रश्न वाचकाला विचारण्याचा अधिकार समीक्षेला आहे. किंबहुना ते तिचे कर्तव्य आहे. मात्र तो तिच्या मागे विचारण्याचा नसून तिच्यासमोर विचारण्याचा आहे. वाचकाची समजूत काढणारी समीक्षा आणि वाचकाचे गुणगान करणारी समीक्षा, या दोहोंत एक साम्य आहे. दोघीही त्याच्याशी मतभेद व्यक्त करीत नाहीत. मतभेद हा आदराचाच एक प्रकार आहे, कारण समोरच्याचे म्हणणे चूक ठरू शकते असे मानणे म्हणजे ते म्हणणे आहे असे मानणे.

५

भारतीय संदर्भात हा विचार जसाच्या तसा लागू करता येणार नाही. हैदराबादमधील मिल्स अँड बूनच्या तरुण वाचक स्त्रियांचा अभ्यास राधिका परमेश्वरन यांनी केला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी भाषेवरील प्रभुत्व, शहरी प्रतिष्ठा आणि घरातील मर्यादांशी चाललेली तडजोड हे संदर्भ तेथील वाचनाला जोडलेले दिसतात. अमेरिकन गृहिणीच्या वाचनात ते संभवत नाहीत. एकच पुस्तक दोन समूहांत दोन कामे करते. मराठी प्रेमकादंबरीचा वाचनव्यवहार तर आणखी निराळा. येथे पुस्तक प्रामुख्याने विकत घेतले गेले नाही. ते वाचनालयातून घरी आले, घरातील दोन-तीन पिढ्यांच्या हातून फिरले आणि परत गेले. फडक्यांपासून चंद्रकांत काकोडकरांपर्यंतच्या कादंबऱ्यांची लोकप्रियता या व्यवहाराखेरीज समजणार नाही. वाचनालयाच्या प्रतींच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे, खालून ओढलेल्या रेघा आणि एका वाचकाने दुसऱ्याच्या शेऱ्याला दिलेले उत्तर यांकडे ग्रंथपाल विद्रूपीकरण म्हणून पाहतो, आणि त्याच्या जागी ते योग्यही आहे. समीक्षेच्या दृष्टीने मात्र तो मराठी वाचकाच्या अभिप्रायाचा दस्तऐवज आहे. जुन्या प्रती रद्दीत जातील तसा तोही नष्ट होईल.

या अभिप्रायांचे संकलन झाले, तर फडक्यांच्या कादंबरीचे मूल्य एकाएकी वाढेल असे नाही. कदाचित त्यांच्या वाचकांनीच त्यांच्या नायकांवर घेतलेले आक्षेप समीक्षकांच्या आक्षेपांहून कठोर असल्याचे आढळेल. कदाचित उलटही आढळेल. दोन्ही शक्यतांत मराठी समीक्षेला आजवर गृहीत धरलेल्या वाचकाच्या जागी युक्तिवाद करणारा वाचक भेटेल. लोकप्रिय साहित्याचा अभ्यास म्हणजे कनिष्ठ साहित्याविषयीची उदारता नव्हे. निकष कोठे आणि कोणाच्या हातून घडतात, या साहित्यशास्त्राच्या मूलभूत प्रश्नाचाच तो एक भाग आहे. आणि प्रेमकादंबरीच्या वाचकाचा 'नायक पटला नाही' हा साधा शेरा त्या प्रश्नाच्या उत्तरातून वगळता येत नाही.