पदव्युत्तर बौद्ध अध्ययन आणि संदर्भसाधनांचा प्रश्न

पाली व बौद्ध अध्ययन या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे आपले बहुसंख्य विद्यार्थी धम्मचळवळीच्या संस्कारातून आलेले असतात. विषयावरील त्यांची निष्ठा निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या लघुप्रबंधांकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले असता एक उणीव वारंवार जाणवते. अखेरीस संदर्भग्रंथांची लांबलचक सूची असते. तिच्यात तिपिटकाचे खंड असतात, अट्ठकथा असतात, शिलालेखांचे संग्रह असतात. परंतु आतील विवेचनाशी त्यांपैकी फारच थोड्या ग्रंथांचा संबंध आलेला असतो. सूची काढून टाकली तरी प्रबंधातील एकही विधान बदलत नाही.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. संशोधनपद्धती या विषयात तळटीप कशी लिहावी, सूची कोणत्या क्रमाने लावावी, हे शिकविले जाते. वर्गाबाहेरचे साधन हाती आल्यावर त्याला कोणता प्रश्न विचारावा, हे मात्र क्वचितच शिकविले जाते. परिणामी साधन म्हणजे आधीच ठरलेल्या मताला लावलेली मोहोर, अशी समजूत रूढ होते. वास्तविक साधन हे मताची परीक्षा घेण्यासाठी असते.

या बाबतीत आदर्श शोधण्यासाठी आपणांस दूर जावे लागत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला, तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे पदव्युत्तर विद्यार्थी होते. त्या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीविषयक व्याख्या त्यांनी क्रमाने मांडल्या. प्रत्येकीत काय ग्राह्य आहे व काय निसटते आहे, हे दाखविले. जात हा सुटा घटक मानण्यातील चूक उघड केली आणि त्यानंतरच स्वतःचा सिद्धान्त पुढे ठेवला. चार नावे घेऊन ते थांबले असते, तर तो निबंध १९१७ साली 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला जाऊनही विस्मरणात गेला असता.

आता आपल्याच अभ्यासक्रमातील एक उदाहरण घेऊ. सिद्धार्थ गौतमाने वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी गृहत्याग का केला? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची परंपरागत कथा नाकारली आहे. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने त्याआधी वार्धक्य, रोग वा मृत्यू पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला तंटा, त्यात युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध आणि संघाच्या बहुमताविरुद्ध गेल्यामुळे स्वीकारलेली परिव्रज्या, अशी त्यांची मांडणी आहे. आपल्या प्रबंधांतून ही मांडणी श्रद्धापूर्वक उद्धृत होते आणि तेथेच प्रकरण संपते.

साधनांशी खरा संबंध जोडणारा विद्यार्थी येथून पुढे निघेल. दीघनिकायातील महापदानसुत्त उघडल्यावर त्यास आढळेल की चार दर्शनांची कथा तेथे विपस्सी या पूर्वबुद्धाविषयी आहे. ती सिद्धार्थाच्या चरित्रात विस्ताराने येते ती जातक-अट्ठकथेच्या निदानकथेत, म्हणजे बऱ्याच उत्तरकाळी. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात बुद्ध स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात. तेथे मध्यरात्रीचे गुप्त पलायन नाही, आईवडील अश्रू ढाळीत असताना केलेले प्रस्थान आहे. येथवर साधने बाबासाहेबांच्या आक्षेपाला बळ देतात.

यापुढील पाऊल अधिक कठीण आहे. रोहिणीच्या पाण्याचा तंटा कुणालजातकाच्या अट्ठकथेत आणि धम्मपदाच्या सुखवग्गावरील अट्ठकथेत सविस्तर आला आहे. पण दोन्ही ठिकाणी तो संबोधीनंतरचा आहे आणि भगवान बुद्ध तो मिटवितात. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात अल्प पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणारी, परस्परांशी झगडणारी माणसे पाहून मनात भय उत्पन्न झाल्याचे बुद्ध सांगतात. अट्ठकथेची परंपरा हे सुत्त त्याच कलहप्रसंगीचा उपदेश मानते. धर्मानंद कोसंबींनी मात्र 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) या ग्रंथात त्यातील उद्गारांचा संबंध बोधिसत्त्वाच्या गृहत्यागाशी जोडला. म्हणजे तीच घटना, तेच सुत्त, पण कालक्रम भिन्न. कोणता कालक्रम ग्राह्य धरावा आणि का? अट्ठकवग्ग हा तिपिटकाचा प्राचीन थर मानला जातो, अट्ठकथा त्यानंतरच्या आहेत. मग प्रसंगाची सांगड घालण्याचा अट्ठकथाकारांचा अधिकार कितपत मानावा? शाक्यांचे गणराज्य आणि त्यांची संथागारातील सभा यांविषयी निकायांत जे आढळते, ते बाबासाहेबांनी रंगविलेल्या संघसभेशी कितपत जुळते? हे प्रश्न विचारले, की पाच-सहा ग्रंथांची सूची पाच-सहा साक्षीदारांत रूपांतरित होते. खरा प्रबंध येथून सुरू होतो.

अशी तपासणी म्हणजे बाबासाहेबांवर अविश्वास दाखविणे होय, असा आक्षेप आपल्यातील काही सुजाण मंडळीही घेतात. या आक्षेपामागची वेदना समजण्यासारखी आहे. ज्या समाजाच्या प्रत्येक शब्दाला प्रस्थापितांनी पुरावा मागितला, त्याला घरच्याच माणसाने पुरावा मागावा, हे खुपते. परंतु वस्तुस्थिती काय सांगते? १९५७ साली हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात स्थळनिर्देश नव्हते. १९५९ मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर कठोर टीका झाली. त्या टीकेला सर्वांत भक्कम उत्तर घोषणांनी दिलेले नाही. ते भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या परिश्रमाने दिले. हिंदी अनुवाद करताना त्यांनी मूळ पाली आधार शोधून नोंदविले. पुढे २०११ मध्ये आकाश सिंह राठोड व अजय वर्मा यांनी संपादित केलेली चिकित्सक आवृत्ती ऑक्सफर्डने प्रकाशित केली. ग्रंथाची प्रतिष्ठा या तपासणीने घटली नाही, ती वाढली.

स्वतः बाबासाहेबांचीही भूमिका हीच होती. 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, इतिहासाचे दुवे तुटलेले असतील तेथे अभ्यासकाने अनुमानाचा व कल्पकतेचा आधार घेणे वैध आहे, असे ते प्रतिपादन करतात. मात्र आपला सिद्धान्त कोठे पुराव्यावर उभा आहे आणि कोठे अनुमानावर, हे ते लपवीत नाहीत. रोहिणीच्या प्रकरणात पुरावा कोठे संपतो आणि प्रज्ञावंताचे अनुमान कोठे सुरू होते, हे दाखविणारा विद्यार्थी बाबासाहेबांच्याच पद्धतीने चाललेला असतो. त्याही पूर्वी, महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेशांत तथागतांनी हाच दंडक घालून दिला. कोणी स्वतः बुद्धाच्या मुखातून ऐकल्याचे सांगितले, तरी ते वचन तात्काळ स्वीकारू नये व धिक्कारूही नये. सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. संशोधनपद्धतीच्या वर्गात हे महापदेश पहिल्या दिवशी शिकवावयास हवेत.

ग्रंथांप्रमाणेच शिलालेखांचेही आहे. लेणी सर्व जातींच्या दानातून उभी राहिली, हे वाक्य आपल्या प्रबंधांत हमखास आढळते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेख वाचले, तर धेनुकाकट येथील गंधिक सिंहदत्त, तेथीलच वढकी म्हणजे सुतार सामी, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, काही यवन, असे दाते भेटतात. त्यांची ओळख व्यवसायाने व गावाने दिली आहे. त्यावर आजच्या अर्थाची जात लादण्याऐवजी, या दात्यांना जातीने ओळख द्यावीशी का वाटली नाही, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांचा १८८१ चा संग्रह किंवा शोभना गोखले यांचे कान्हेरीच्या लेखांवरील १९९१ चे पुस्तक उघडल्याशिवाय तो सुचणार नाही.

पूर्वी साधनांची दुर्मिळता ही सबब खरी होती. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखालील नालंदा आवृत्तीचे ४१ खंड मोजक्याच ग्रंथालयांत असत. आज इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे संपूर्ण पाली तिपिटक अट्ठकथांसह देवनागरीत संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. एखादा शब्द सर्व निकायांतून क्षणात शोधता येतो. परंतु शोधलेला शब्द म्हणजे समजलेले सुत्त नव्हे. मागचापुढचा संदर्भ न वाचता उचललेले वचन हे जुन्याच दोषाचे नवे रूप आहे.

म्हणून पदव्युत्तर विभागांनी आणि विहारांशी संलग्न संस्थांनी एक साधा नियम करावा. लघुप्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणात किमान एका महत्त्वाच्या विधानाचा माग विद्यार्थ्याने मूळ साधनापर्यंत काढावा, प्रतिकूल साधनही नोंदवावे आणि ते का स्वीकारले वा नाकारले, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. मार्गदर्शकांनी सूचीची लांबी पाहून समाधान मानू नये. सूचीतील कोणत्या ग्रंथाने तुझे मत बदलले, असे विचारावे. विहारांतील ग्रंथालयांत तिपिटकाचे खंड काचेच्या कपाटात पूजेप्रमाणे ठेवलेले असतात, ते विद्यार्थ्यांच्या हाती पडावेत. ज्या महामानवाने ग्रंथांसाठी घर बांधले, त्याच्या अनुयायांच्या संशोधनात ग्रंथ केवळ सूचीपुरते उरावेत, हे आपणांस शोभणारे नाही.