उडवलेला थवा

माझा सगळ्यांत गाजलेला फोटो अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावरचा आहे. जानेवारीची सकाळ, शेकडो कुरव एकदम हवेत. आता तो मला अर्धवट वाटतो. पक्षी उडाले, कारण मी मित्राला पलीकडून धावत यायला सांगितलं होतं. नेमका मित्रच चौकटीबाहेर राहिला.

हिवाळ्यातल्या किनारी पक्ष्यांचे आपले गाजणारे फोटो बरेचदा असेच असतात. उडणारा पक्षी सुंदर, बसलेला कंटाळवाणा. पण सायबेरिया-तिबेटकडून आलेला चिखल्या इथे उडून दाखवायला येत नाही. ओहोटीला वाळूतले किडे-खेकडे टिपायचे, भरतीला वाऱ्याकडे तोंड करून विसावायचं, परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची. आपण उडवलं की त्यातूनच वजाबाकी होते.

दुसरा एक फोटो आहे. ओल्या वाळूवर पालथं पडून, अर्धा तास न हलता काढलेला. चोच पिसांत खुपसून एका पायावर उभा चिखल्या, डोळा किंचित उघडा. त्याला अकरा लाइक मिळाले. मला तोच जास्त खरा वाटतो. त्यानं मला पाहिलंय, आणि तरी तो उडालेला नाही.