उकडलेल्या मटकीला मोड येतात का? : एका गाजलेल्या प्रयोगाची चिकित्सा



आज एका गाजलेल्या पेपरची चिकित्सा करू. पण आधी माझी स्वतःची चूक सांगते. ती झाली नसती तर हा पेपर मी 'छान आहे' असं म्हणून बाजूला ठेवला असता.

मी गगनबावड्याची. एम.एस्सी. प्राणिशास्त्रात केलं आणि पीएच.डी. विज्ञान शिक्षणात करतेय. प्राथमिक शाळेतल्या मुलांना सजीव, निर्जीव आणि मृत्यू या कल्पना कशा समजतात, हा माझा विषय. प्रश्नावलीची पायलट चाचणी घ्यायची होती. कोल्हापुरातली माझी एक मैत्रीण दर रविवारी तिच्या चर्चमध्ये संडे स्कूल घेते. तिची आजी त्याला अजून 'शब्बाथ शाळा' म्हणते. पालकांची संमती घेतली आणि ईस्टरनंतरच्या रविवारी मी तिथे जाऊन बसले.

चौथा प्रश्न होता : 'मेलेला माणूस पुन्हा जिवंत होऊ शकतो का?' उत्तर 'नाही' आलं तर बरोबर, 'हो' आलं तर गैरसमज. चौथीतला एक मुलगा 'हो' म्हणाला. मी तक्त्यात शून्य टाकला. पुढचा प्रश्न घेण्याआधी सहज विचारलं, "कसं काय रे?"

"येशू झाला ना."

"आणि बाकीची माणसं?"

"ती आत्ता नाही होत." मग त्यानं मलाच समजावून सांगितलं, "ताई, मोड यायला मटकी कच्ची लागते. उकडलेल्या मटकीला मोड येत नाहीत. येशूचं म्हणजे उकडलेल्या मटकीला मोड आल्यासारखं आहे. म्हणून तर ईस्टर असतो."

आता सांगा, या मुलाला मृत्यू समजला नाही असं म्हणायचं का? त्याला तो पक्का समजलाय. मेलेलं परत उठत नाही, हा नियम माहीत आहे म्हणूनच त्याला पुनरुत्थान ही विशेष गोष्ट वाटते. माझ्या तक्त्यात मात्र त्याच्यापुढे शून्य होता.

आधी थोडी पार्श्वभूमी

मुलांना मृत्यू कसा समजतो, यावर मारिया नॉज यांनी बुडापेस्टच्या मुलांवर केलेला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८४ मध्ये स्पीस आणि ब्रेंट यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मृत्यूच्या संकल्पनेचे तीन घटक मांडले : मेलेला परत येत नाही, मेल्यावर शरीराची कामं थांबतात आणि मरण सगळ्यांना आहे. माझा चौथा प्रश्न पहिल्या घटकावरून आला होता. घटक चुकीचा नाही. मी त्याचा जो 'हो किंवा नाही'चा प्रश्न केला, तो चुकीचा होता.

पेपरमध्ये काय केलं?

जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्यॉर्कलंड यांचा हा पेपर २००४ चा. मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. एका उंदराला मगर खाऊन टाकते. मग विचारलं : आता उंदराला पाणी प्यावं लागेल का? त्याचा मेंदू चालतो का? त्याला अजून भूक लागलीय का? आईवर त्याचं अजून प्रेम आहे का? शरीराचं काम थांबतं हे मुलं लवकर मान्य करतात. पण प्रेम, इच्छा, माहीत असणं या गोष्टी चालू राहतात असं बरीच मुलं सांगतात. लहान मुलं हे जास्त सांगतात, मोठी कमी.

यावर लेखकांचा युक्तिवाद असा : ही समजूत निव्वळ शिकवणुकीतून आली असती, तर वयाबरोबर ती वाढायला हवी होती. ती घटते, म्हणजे तिचं मूळ माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीत असावं. २००५ मध्ये त्यांनी एका स्पॅनिश सहकाऱ्याबरोबर स्पेनमधल्या कॅथलिक आणि धर्मनिरपेक्ष शाळांतली मुलं तपासली. कॅथलिक शाळेतल्या मुलांनी 'चालू राहतं' हे उत्तर जास्त दिलं, पण वयानुसार घट दोन्हीकडे दिसली.

काम नेटकं आहे, हे आधी मान्य करू. शरीराचे आणि मनाचे प्रश्न वेगळे करणं ही तर खरी हुशारी. तरी माझ्या तीन हरकती आहेत.

हरकत पहिली : उंदरासाठी कोणी प्रार्थना करत नाही

त्याच २००५ सालात पॉल हॅरिस आणि मार्ता हिमेनेझ यांचा माद्रिदमधला अभ्यास आला. तिथे ७ आणि ११ वर्षांच्या मुलांना आजी किंवा आजोबांच्या मृत्यूच्या दोन गोष्टी सांगितल्या. एकीत बोलतो डॉक्टर, दुसरीत पाद्री. पाद्रीच्या गोष्टीनंतर 'चालू राहतं' ही उत्तरं वाढली, आणि ती ७ पेक्षा ११ वर्षांच्या मुलांनी जास्त दिली. म्हणजे वयाचा कल बरोबर उलटा!

कोणता पेपर खरा? माझ्या मते दोन्ही. मगरीनं खाल्लेला उंदीर आणि पाद्रीनं निरोप दिलेली आजी हे एकच प्रश्न नाहीत. मूल प्रसंग ओळखतं आणि त्या प्रसंगाला साजेसं ज्ञान बाहेर काढतं. त्यामुळे 'मुलांची नैसर्गिक समजूत अशी असते' हा निष्कर्ष एका उंदराच्या गोष्टीवर पेलत नाही.

हरकत दुसरी : पुनरुत्थानाबद्दल विचारलंच नाही

प्रयोगातला प्रत्येक प्रश्न 'आता, मेल्यानंतर काय चालू आहे?' असा आहे. हा आत्मा टिकण्याचा प्रश्न झाला. ख्रिस्ती शिकवणुकीतलं पुनरुत्थान देहाचं आहे आणि बाकीच्यांसाठी ते पुढे व्हायचं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात थोमाला जखमा दाखवल्या जातात, लूकमध्ये येशू मासा खातो. दोन्ही ठिकाणी भर शरीरावर आहे. माझा मटकीवाला मुलगा उंदराच्या सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हणाला असता, आणि तरी संडे स्कूलचा तो उत्तम विद्यार्थी ठरला असता. अशी प्रश्नावली त्याला 'श्रद्धा नसलेला' ठरवते आणि माझी त्याला 'विज्ञान न कळलेला' ठरवत होती.

हरकत तिसरी : हे मराठीत कसं विचारणार?

ही हरकत पेपरवर कमी, तो जसाच्या तसा उचलणाऱ्या आपल्यावर जास्त आहे. आपल्याकडे माणूस 'जातो', 'वारतो', 'देवाघरी जातो'. आजी कुठे आहे, असं विचारलं तर हिंदू असो वा ख्रिस्ती, आमच्याकडचं बहुतेक पोर 'देवाघरी' म्हणेल. ती श्रद्धा आहे की नुसता वाक्प्रचार, हे उत्तरावरून कळत नाही. त्यात 'पुनरुत्थान' आणि 'पुनर्जन्म' हे शब्द कानाला जवळचे, अर्थाला लांबचे. ही अडचण जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराणात ख्रिस्ती स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरला. ऐकणाऱ्याला ओळखीचा शब्द द्यायचा, तर त्याबरोबर त्याचे जुने अर्थही येणारच. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. तिथल्या ख्रिस्ती घरांत आज मराठीच बोलली जाते. म्हणून इंग्रजी प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर इथे चालणार नाही.

आणि संडे स्कूलचं काय?

चिकित्सा एकाच बाजूची करणं बरं नाही. पाठ मी वर्गात बसून पाहिला. मैत्रिणीनं पौलाचा बियाण्याचा दाखला दिला : बी मरतं, मग नवं रोप येतं. प्राणिशास्त्रवालीला इथे थांबावंसं वाटतं, कारण रुजणारं बी मेलेलं नसतंच. त्यातला अंकुर जिवंत असतो, झोपल्यासारखा. आमच्याकडे भाताचा तरवा टाकणाऱ्या कोणालाही विचारा, मेलेलं बी उगवत नाही. हा दाखला शब्दशः घेतला तर मुलाला वाटतं की मरण म्हणजे लांबलेली झोप. याईराच्या मुलीच्या गोष्टीतही येशू तिला झोपलेली म्हणतो. मृत्यूला झोप म्हटलं की लहान मुलं झोपायलाच घाबरू शकतात, म्हणून या विषयावर मार्गदर्शन करणारे ती भाषा टाळायला सांगतात.

दुसरं, शुक्रवारवरून रविवारवर पाठानं उडीच मारली. शनिवार आलाच नाही. शिष्यांसाठी तो मेला होता, संपला होता, ही गोष्ट दोन मिनिटं थांबून सांगितली नाही तर रविवारला अर्थ राहत नाही. मैत्रिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे, पण त्या शनिवारी मुलं रडली तर मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिनंच मग हळू आवाजात सांगितलं की मटकीवाल्या मुलाची आजी जानेवारीत वारली. माझ्या संमतीपत्रात 'घरात अलीकडे कोणी गेलंय का?' हा प्रश्नच नव्हता. त्यानं मला किती शांतपणे समजावलं, हे आठवलं की अजून कसंतरी होतं. तो मुलगा 'बाकीचे आत्ता नाही' म्हणाला तेव्हा कोणाबद्दल बोलत होता, ते मला उशिरा कळलं.

तुमच्यासाठी

सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःच्या साधनाला एवढं विचारा. 'चूक' ठरवलेलं उत्तर कोणाच्या तरी दृष्टीनं पूर्ण समजुतीचं उत्तर असू शकतं का? प्रसंग बदलला तर निकाल उलटेल का? हा प्रश्न आपल्या घरात असाच विचारतात का? आणि ज्याला विचारतोय, त्याला तो दुखेल का?

मी चौथा प्रश्न काढला नाही, दोन केले : 'एरवी मेलेला माणूस परत जिवंत होतो का?' आणि 'कधीच झाला नाही, की कधी झालाय असं तुला वाटतं? का?' त्या 'का'ला गुण नाहीत, फक्त नोंद आहे. संमतीपत्रही बदललं, आणि ते पुन्हा नैतिकता समितीकडे पाठवलंय. मंजुरी येईपर्यंत चाचणी बंद.

तक्त्यातला तो शून्य मी खोडला नाही. शेजारी तारीख घालून 'प्रश्न चुकला' एवढं लिहिलंय.