पुस्तकातला धडा उचलण्याआधी: तीन पुस्तकं, एक प्रश्न

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना "वाचन वाढवा" हा सल्ला सगळेच देतात. मग उद्योग, अर्थशास्त्र, अभिजात साहित्य अशी एक यादी हातात पडते आणि प्रत्येक पुस्तकाखाली चार-पाच "धडे" लिहिलेले असतात. ते वाचले की पुस्तक वाचल्याचं समाधान मिळतं. संशोधनाच्या दृष्टीने ही सवय वाईट. धडा म्हणजे निष्कर्ष, आणि निष्कर्ष कशावर उभा आहे हे विचारणं हेच तर आपलं काम आहे. म्हणून आज तीन नावाजलेल्या पुस्तकांना एकच प्रश्न विचारू या: दावा केवढा आहे आणि त्याला आधार केवढा आहे?

१. गुड टू ग्रेट

जिम कॉलिन्स यांचं हे पुस्तक २००१ मध्ये आलं. त्यांच्या गटाने १,४३५ कंपन्यांमधून ११ निवडल्या. निकष असा की शेअरचा परतावा आधी पंधरा वर्षं बाजाराइतका किंवा त्याहून कमी, आणि पुढची पंधरा वर्षं बाजाराच्या किमान तिप्पट. शिवाय त्याच उद्योगांतल्या ११ कंपन्या तुलनेला घेतल्या. म्हणजे तुलना गट आहे, निवडीची पद्धतही परिशिष्टात दिली आहे. याचं श्रेय द्यायलाच हवं. नम्र पण जिद्दी नेतृत्व, आधी योग्य माणसं आणि मग दिशा, हे सगळे प्रसिद्ध धडे या अभ्यासातूनच आले.

मग अडचण कुठे? कोण जिंकलं हे आधीच माहीत होतं, आणि जिंकण्याची कारणं नंतर शोधली गेली. तीही मुख्यतः जुन्या लेखांतून आणि अधिकाऱ्यांच्या मुलाखतींतून. कंपनी जोरात असली की साहेब "ठाम" वाटतात, बुडायला लागली की तेच साहेब "हट्टी". मानसशास्त्रात याला हॅलो इफेक्ट म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये तो मांडला होता, आणि फिल रोझेनझ्वाइग यांनी २००७ मध्ये याच नावाच्या पुस्तकात अशा उद्योगविषयक पुस्तकांची झडती घेतली. प्रयोगशाळेत बघा: कोणत्या प्लेटमध्ये औषध घातलंय हे मोजणाऱ्याला माहीत असेल, तर जिवाणूंच्या वसाहती मोजतानाही नजर नकळत झुकते. म्हणून आपण प्लेटवरचं नाव झाकतो. इथे नाव झाकलेलं नव्हतं.

त्या ११ मधली सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. फॅनी मे त्याच वर्षी अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. एवढ्यावरून सिद्धांत खोटा ठरत नाही. पण ज्या आकड्यांतून नियम काढला त्याच आकड्यांवर तो बरोबर ठरला, नव्या कंपन्यांवर आधी भाकीत करून तो तपासला नव्हता, हे लक्षात येतं. माझं मत: गृहीतकं सुचण्यासाठी हे पुस्तक उत्तम. सिद्ध झालेला नियम म्हणून मात्र त्याचा हवाला देऊ नका.

२. द प्रॉब्लेम ऑफ द रुपी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा हा ग्रंथ १९२३ चा, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या त्यांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचा. याचा एका ओळीचा धडा सगळ्यांना माहीत असतो: "रिझर्व्ह बँक याच पुस्तकातून आली." पुस्तक उघडलं तर त्याचा मूळ युक्तिवाद वेगळाच दिसतो. रुपयाचा परकीय चलनाशी असलेला दर स्थिर ठेवणं महत्त्वाचं, की देशातल्या माणसाच्या हातातल्या रुपयाची क्रयशक्ती? बाबासाहेब दुसऱ्या बाजूने उभे राहतात. समोर कोण? जॉन मेनार्ड केन्स, ज्यांनी १९१३ च्या पुस्तकात भारतातल्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती. त्यांना उत्तर देताना बाबासाहेब नुसतं मत सांगत नाहीत. टांकसाळी, नाणी, किमती, विनिमय दर असा चलनाचा सगळा इतिहास पायरी-पायरीने मांडतात. वाचक त्यातली एखादी पायरी नाकारू शकतो, कारण पायरी समोर दिसते.

आणि ती नाकारलीही गेली! प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची. काही मुद्द्यांवर आपण सहमत नाही, हे त्यांनी तिथेच लिहून ठेवलं. गाइडशी मतभेद म्हणजे प्रबंध संपला असं वाटणाऱ्यांनी ही प्रस्तावना जरूर वाचावी. पुस्तक सोपं नाही, शंभर वर्षांपूर्वीच्या चलनव्यवस्थेची माहिती नसेल तर पहिली प्रकरणं जड जातात. पण तिघांमध्ये दावा आणि आधार यांचा मेळ सगळ्यात चांगला इथेच बसतो.

३. मिडलमार्च

जॉर्ज एलियट यांची ही कादंबरी १८७१-७२ मध्ये भागाभागाने आली. त्यातले कॅसॉबन हे "सर्व पुराणकथांची किल्ली" शोधणारे विद्वान. वह्याच वह्या भरतात, ग्रंथ काही पूर्ण होत नाही. यातून "वेळेत संपवा" असा धडा नेहमी काढला जातो. पण खरी मेख वेगळी आहे. जर्मन अभ्यासक या विषयात कधीच पुढे निघून गेलेत आणि कॅसॉबन यांना जर्मन येत नाही, हे त्यांच्या तरुण पत्नीला, डोरोथियाला, एका नातेवाइकाकडून कळतं. म्हणजे वेळ कमी पडला हे वरवरचं झालं. इतरांनी काय केलंय हे न बघताच काम चालू होतं, आणि टीकेच्या धास्तीने ते कोणाला दाखवताही येत नव्हतं. शेवटी तर स्वतःनंतर डोरोथियानेच हे काम पुढे न्यावं, असं वचन ते मागतात. ती उत्तर देण्याआधीच त्यांचा मृत्यू होतो.

कादंबरी काही सिद्ध करत नाही, तसा दावाही करत नाही. एक माणूस आतून दाखवते, त्याच्याबद्दल कीवही वाटायला लावते. म्हणूनच तिच्यातून नियम काढू नये, स्वतःला विचारायचा प्रश्न घ्यावा: माझ्या विषयातली माझी "जर्मन" कोणती? न वाचलेली भाषा, टाळलेली सांख्यिकी की गैरसोयीचा शोधनिबंध?

तेव्हा पुढचं पुस्तक वाचताना वहीत धडे लिहिण्याआधी तीन ओळी लिहा: दावा काय, आधार काय, आणि काय दिसलं असतं तर लेखकाने मत बदललं असतं. तिसरी ओळ सगळ्यात अवघड. ती रिकामी राहिली, तर त्या पुस्तकाचा धडा सिनॉप्सिसमध्ये घालण्याआधी थांबा. व्हायवात परीक्षक नेमकं तेच विचारतात, आणि तेव्हा लेखक तुमच्या शेजारी बसलेला नसतो.