डिझेल इंजिनाचा ब्रीदर वाचताना

संत्र्याच्या आंबिया बहाराचं पाणी सुरू झालं की पांढुर्णा-सौंसरच्या शिवारात, लाईट नसेल तेव्हा, अजूनही एखाद्या विहिरीवर एका सिलिंडरचं डिझेल इंजिन धडधडतं. त्याच्या क्रँककेसला, म्हणजे सिलिंडरखालच्या पेटीला, हवा सोडायला बसवलेल्या ब्रीदरकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या मते त्या इंजिनातली सगळ्यांत देखणी रचना तीच आहे आणि कवितेसारखी सावकाश वाचावी अशी आहे.

पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं टीव्ही-१ इंजिन घ्या. बोअर ८७.५ मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर. म्हणजे पिस्टन खाली येताना दर वेळी ६६१ घनसेंटिमीटर जागा व्यापतो आणि तेवढी हवा हटवतो. मिनिटाला १५०० फेऱ्या धरल्या तर हे सेकंदाला २५ वेळा घडतं. चार सिलिंडर असते तर दोन पिस्टन उतरताना दोन चढले असते आणि हिशेब आतल्या आत मिटला असता. एकट्या पिस्टनने हटवलेल्या हवेला मात्र बाहेरची वाट द्यावीच लागते. अशा इंजिनाच्या ब्रीदरमध्ये बहुधा एक पातळ चकती असते. पिस्टन खाली आला की ती उचलते, हवा निघून जाते. पिस्टन वर निघाला की ती बसते आणि बाहेरची हवा अडवते. त्यामुळे क्रँककेसमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमीच राहतो आणि ऑइलला सीलमधून झिरपायला जोर मिळत नाही. वेगळी मोटर लागत नाही, पंप लागत नाही.

शिवाय या हवेत ज्वलनाचा वायूही मिसळलेला असतो, पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली उतरलेला. आता रिंगेची करामत पाहा. वरच्या रिंगेला लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, दाबून धरणारा मुख्य जोर तिच्या स्वतःच्या ताणाचा नसतो. ज्वलनाचा वायूच पिस्टनच्या खाचेत तिच्या मागे शिरतो आणि तिला लायनरवर रेटतो. निसटू पाहणारा वायू आपलीच वाट बंद करतो! ही पकड वरच्या आणि खालच्या दाबातल्या फरकावर टिकते. म्हणूनच शर्यतीच्या काही इंजिनांत क्रँककेसमधली हवा पंप लावून ओढून घेतात.

संत्री भरून निघालेल्या टर्बोच्या ट्रकमध्ये हाच मजकूर अवघड होतो. सिलिंडरमधला दाब दीडशे-दोनशे बारपर्यंत चढतो, म्हणजे खाली निसटणारा वायूही वाढतो. पेट्रोल गाडीत थ्रॉटलमागची पोकळी हा वायू ओढून घेते. डिझेलला तो आधार नाही. म्हणून तो टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी नेतात. पण ऑइलचं धुकं सोबत गेलं तर इंटरकूलर चिकट होतो. तेव्हा वायूला आधी वळणावळणाच्या वाटेने, जाळीतून फिरवतात. वायू वळतो, जड थेंबाला वळता येत नाही, तो भिंतीवर आदळतो आणि ओघळून पुन्हा संपमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतो. ओढ फार झाली तर सीलमधून धूळ आत येईल, म्हणून एक रबरी पडदा ती वाट आवळतो.

रेल्वेने याची वेगळी उत्तरं काढली. डब्ल्यूडीएम-२ या २६०० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनात क्रँककेसमधला वायू खेचायला विजेवर चालणारा एक्झॉस्टर होता. ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या रेल्वे इंजिनांत मोटरही नाही; धुराड्यातून सुसाट जाणारा एक्झॉस्टच तो वायू आपल्यासोबत ओढून नेतो. मला हे दुसरं उत्तर अधिक आवडतं.

ब्रीदर तुंबला की काय होतं, ते टर्बोत सगळ्यांत स्पष्ट दिसतं. टर्बोच्या बेअरिंगला ऑइल पंपाच्या जोराने पोचतं, पण संपमध्ये परततं ते केवळ स्वतःच्या वजनाने. क्रँककेसमध्ये दाब साचला की ते उतरत नाही, टर्बोच्या सीलमधून शिरतं आणि सायलेन्सर निळा धूर ओकू लागतो. मालक टर्बो बदलतो. नवा टर्बोही तेच करतो, कारण दुखणं भलतीकडेच असतं.

फिटर ऑइल भरायचं झाकण सैल करून पाहतात. भकाभका धूर आला, झाकण नाचू लागलं, की ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणून इंजिन खोलायची भाषा सुरू होते. रिंगा, लायनर झिजलेले असतीलही. पण त्याआधी ब्रीदर काढून बघा. पावसाळाभर बंद राहिलेल्या इंजिनाच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करू शकते. शेतातली धूळ आणि ऑइल मिळून जाळी बुजते. नळी डिझेलने धुवा, आरपार हवा जाते का पाहा, चकती मोकळी हलते का पाहा, आणि मगच इंजिन सुरू करून पुन्हा तपासा. ऑइल उडतं म्हणून ब्रीदरच्या तोंडात चिंधी मात्र कधीही कोंबू नका.