न पेरलेले कमळ

लज्जागौरीविषयी लिहिताना आपल्याकडे एक वाक्य जवळजवळ सवयीने येते : ही भूमी, ही सुफलता, ही कृषिसंस्कृतीची आदिमाता. वाक्य खोटे नाही. पण ते इतक्या सहज येते की मग मूर्तीकडे पाहायचे राहूनच जाते. म्हणून आधी मूर्तीत काय आहे आणि काय नाही, तेवढे पाहू.

बदामीच्या संग्रहालयात नागनाथकोळ्ळची मूर्ती आहे. काळ सातव्या शतकाच्या आसपासचा. देह उताणा, गुडघे दुमडून बाहेर फाकलेले, तळवे वर वळलेले, पायांची बोटे ताणलेली. स्तन ठसठशीत, अंगावर दागिने. डोक्याच्या जागी मात्र फुललेले कमळ. आपल्याकडे तेर आणि नेवासे येथे मिळालेल्या मूर्ती आकाराने छोट्या, घरातल्या किंवा हाताळण्यातल्या वाटाव्यात अशा. काही ठिकाणी धड म्हणजे चक्क घटच असतो. घटासारख्या रूपापासून पूर्ण मानवी रूपापर्यंतचे प्रकार कॅरल रॅडक्लिफ बोलन यांनी १९९२च्या ग्रंथात लावून दाखवले आहेत.

आता काय नाही ते. नांगर नाही. बी नाही. धान्याचे कणीस नाही. पुरुष नाही. आणि, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, मूल नाही. स्टेला क्रामरिश यांनी १९५६मध्ये या देहस्थितीला ऋग्वेदातल्या अदिती-उत्तानपदाशी जोडले, आणि तेव्हापासून ती प्रसूतीची मुद्रा म्हणून ओळखली जाते. मुद्रा प्रसूतीची असेलही; पण पोट भरलेले नाही आणि बाळ कुठेच बाहेर येत नाही. ह. धी. सांकळियांनी १९६०च्या लेखाच्या शीर्षकात 'नग्न देवता किंवा निर्लज्ज स्त्री' असा पर्याय ठेवला होता. एक नाव लज्जेचे, दुसरे निर्लज्जपणाचे. दोन्ही पाहणाऱ्याची आहेत. मूर्तीला त्यांतले एकही लागू नाही.

मग तिला शेत कोणी केले? मला वाटते, हे शेत आपण आपल्या डोक्यातून तिच्यावर आणून टाकतो, आणि आपल्या डोक्यात ते फार जुने आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले आहे. ती काव्यातली उपमा नव्हे, वहिवाटीचा हिशेब आहे. परक्या शेतात बी टाकले तर पीक शेताच्या मालकाचे, असा तिथला युक्तिवाद. 'क्षेत्रज' पुत्राची कायदेशीर सोय त्यातूनच होते. या व्याकरणात तीन पदे लागतात : पेरणारा, शेत आणि पीक. मालकी पहिल्याची की शेत ज्याचे त्याची, एवढाच वाद. शेताला स्वतःचे काही म्हणणे असण्याचा प्रश्नच येत नाही.

लज्जागौरीत या तिघांपैकी पेरणारा आणि पीक ही दोन पदे नाहीतच. तिसरे पदही, नीट पाहिले तर, शेत नव्हे. घट हे पाण्याचे पात्र आहे आणि कमळ ही पाण्यातली वनस्पती. तिला नांगरट लागत नाही, पेरा लागत नाही. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त (१९७८) रेणुका, सांतेरी आणि वारूळ यांची जी साखळी उभी केली, तिच्यातून त्यांनी भूमीचाच अर्थ काढला. तो मला मान्य आहे. मात्र वारूळ म्हणजे नांगर ज्याला वळसा घालून जातो ती माती. गोव्यात सांतेरी म्हणून पुजली जाते ती कोणी कसलेली जमीन नसते. ढेऱ्यांच्या पुराव्यातूनच मला असे दिसते की ही भूमी आहे, पण 'क्षेत्र' नाही. हा फरक त्यांच्यानंतर आपण फारसा जपला नाही.

आपली शेतीची भाषाही या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. ज्वारी पोटरीत येते, केळ निसवते. क्रियापद पिकाचे असते, शेतकऱ्याचे नसते.

हा फरक नसला की चित्रात काय होते, हे पाहायला मेक्सिकोत जावे लागेल, कारण स्त्रीदेह आणि शेतजमीन यांचे इतके उघड समीकरण दुसरीकडे क्वचितच रंगवले गेले आहे. चापिंगो येथल्या शेतकी विद्यालयातल्या जुन्या प्रार्थनाघरात दिएगो रिव्हेरा याने १९२०च्या दशकात भित्तिचित्रे काढली. समोरच्या भिंतीवर विशाल नग्न स्त्री पहुडली आहे. ती सुपीक भूमी. तिच्यासाठी रिव्हेराची पत्नी ग्वादालूपे मारिन गर्भारपणात बसली होती. चित्राच्या नावातच निसर्गशक्ती माणसाच्या ताब्यात असल्याचे सांगितले आहे, आणि भोवती वीज, पाणी, आग यांच्याशी काम करणारी माणसे आहेत. एका बाजूला मक्याच्या शेताखाली झापाता आणि मोंतान्यो हे हुतात्मे गाडलेले, त्यांच्या रक्ताने जमीन कसदार झालेली. या संस्थेचे ब्रीद आहे : शोषण जमिनीचे शिकवावे, माणसाचे नव्हे. जमीन बाई असेल तर या ब्रीदाचे काय करायचे? चित्र भव्य आहे, भूमिहीनांच्या बाजूचेही आहे. तरी पुरुष तिथे रक्त देऊन का होईना, पेरणारे आहेत आणि ती पेरली जाणारी.

ही केवळ चित्रातली गोष्ट नाही. शेतकरी संघटनेने १९८६मध्ये चांदवडला महिला अधिवेशन घेतले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले. निंदणी, खुरपणी, वेचणी करणारीचे नाव सातबारावर येण्यासाठी मोहीम काढावी लागली, आणि मोहिमेलाही नाव 'लक्ष्मी'चेच द्यावे लागले. जिला आपण भूमी म्हणतो ती भूमीची मालक असू शकते, हे वाक्य व्याकरणातच अडकते.

माझ्या वाचनावर एक रास्त आक्षेप आहे. मूल नसलेल्या बायका या देवतेकडे मूलच मागत आल्या. मग पीक नाही असे कसे म्हणायचे? आक्षेप मी पूर्ण परतवू शकत नाही. वांझपणाचा दोष बाईवरच टाकणाऱ्या घरातूनच ती तिथे जाते. पण मागणारी ती आणि जिच्याकडे मागायचे तीही बाई. या व्यवहारात क्षेत्राचा मालक नाही.

त्याचा दुसरा, कडू पुरावा नागार्जुनकोंड्याचा. तिथल्या लज्जागौरीचा खालचा भागच उरला आहे आणि त्यावर लेख आहे. मूर्ती देणारी इक्ष्वाकू राजा एहुवल चांतमूल याची राणी खंडुवुला. लेखात ती स्वतःची ओळख सांगते : अविधवा, आणि जिचे पुत्र जिवंत आहेत अशी. मूर्तीत नवरा नाही, मूल नाही. त्याच दगडावर, त्याच देहावर, राणीला दोन्ही कोरून ठेवावे लागले.