‘राजी’ कोणत्या पडद्यावर पाहावी?

राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. महाबलासुराची फौज तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेते आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याला शोधायला निघते. गोष्ट एवढीच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० साली ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम आणला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. मला मात्र तो मारामारीसाठी नव्हे, चित्रांसाठी आवडतो. खेळायला आणि डिझाइनच्या कामाला मिळून एकच मॉनिटर घ्यायचा, तर त्यात काय बघावं, हे या गेमने मला जितकं नीट शिकवलं तितकं दुकानातल्या माहितीपत्रकांनी शिकवलं नाही.

आधी त्यातला काळोख बघा. कथेचे दुवे छायाबाहुल्यांनी जोडलेले आहेत. मागे दिव्यासारखा उजेड, पुढे सपाट आकृत्या, त्यांचे हातपाय सांध्यांतून हलतात. इथे सगळा अर्थ कडेवर अवलंबून असतो. आकृतीचा काळा रंग खरोखर काळा असेल तरच ती कड बोलते. साध्या आयपीएस पॅनेलवर सर्वात उजळ आणि सर्वात गडद यांचं प्रमाण साधारण १०००:१ असतं. खोलीत दिवा बंद केला की तिथला काळा राखाडी दिसू लागतो आणि कोपऱ्यांत पांढुरकी झाक येते. व्हीए पॅनेलवर हेच प्रमाण ३०००:१ च्या आसपास जातं, म्हणून तिथे या छायाबाहुल्या फार देखण्या उठतात. पण छायानाट्य संपून राजी अंधाऱ्या दगडी वाटेवर धावू लागली की बऱ्याच स्वस्त व्हीए मॉनिटरवर तिच्यामागे काळपट फरकाटा ओढला जातो, कारण त्या पॅनेलचे बिंदू एका गडद छटेतून दुसऱ्या गडद छटेत जायला वेळ घेतात. ओएलईडीत बिंदू स्वतःच विझतो, त्यामुळे काळा पूर्ण काळा आणि फरकाटाही नाही. तरीही दिवसभर तीच टूलबार, तीच टास्कबार उघडी ठेवणाऱ्याने तो विचार करूनच घ्यावा. एका जागी स्थिर राहिलेल्या चित्राचा ठसा त्या पडद्यावर कायमचा उमटू शकतो.

गेमचं खरं वैभव भिंतींवर आहे. त्यातले पृष्ठभाग पहाडी लघुचित्रांच्या वळणाने हाताने रंगवलेले आहेत. बसोली, गुलेर, कांगडा इथल्या चित्रकारांनी तळहाताएवढ्या कागदावर जे साधलं, ते इथे किल्ल्यांच्या आणि मंदिरांच्या भिंतींवर पसरलंय. राजी एखाद्या भित्तिचित्रापुढे उभी राहिली की दुर्गा आणि विष्णू त्या चित्रातली कथा सांगू लागतात. कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नाही. तो दूर, उंचावर राहतो आणि भल्यामोठ्या खांबांमध्ये राजी अंगठ्याएवढी दिसते. कॅमेरा फिरवता येत नाही ही उणीव म्हणता येईल. मला ते चित्रकाराचं शहाणपण वाटतं. चौकट त्याने ठरवली आहे, माणूस लहान आणि जग मोठं हे प्रमाण त्याने ठरवलं आहे आणि आपण त्या चित्रात चालतो आहोत.

अंगठ्याएवढ्या राजीचा हावभाव दिसायचा तर बिंदूंची दाटी हवी. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, १४४०पी पडद्यावर ३६.९ लाख. २७ इंची मॉनिटर घेणार असाल तर फुल एचडी घेऊ नका. ही सगळी रेखा तिथे भरड होते.

आता हर्ट्झ. जाहिराती बहुतेक याच आकड्याभोवती फिरतात. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ हर्ट्झला सुमारे ७ मिलिसेकंदांनी. खांबाला गिरकी घेऊन राजी असुरावर झेपावते तेव्हा हा फरक जाणवू शकतो, पण तेवढं बळ संगणकाच्या ग्राफिक्स कार्डातही लागतं. ज्याला रोज व्हॅलोरंट खेळायचं आहे त्याच्यासाठी हा आकडा पहिला. ‘राजी’साठी तो पहिला नाही.

रंगांचं काय, हे आमच्या नरसीच्या संदर्भात सांगतो. आषाढी आटोपली की परतवारी एकादशीला नामदेव महाराजांच्या या जन्मगावी वारकऱ्यांची रीघ लागते. त्याआधी गावोगावची मुलं संगणकावर फ्लेक्स बनवतात, कीर्तनांच्या व्हिडिओंना मुखचित्रं करतात. एकाच फोटोत वारकऱ्याची भगवी पताका आणि पंजाबातून आलेल्या शीख भाविकाचा केसरी फेटा असू शकतो. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळे ही दोन माणसं इथे शेजारी उभी राहणारच. त्यांचे रंगही शेजारचे आहेत आणि ते वेगळे दिसले पाहिजेत. ‘व्हिव्हिड’ मोडवर ठेवलेला भडक मॉनिटर दोन्ही एकाच नारिंगीत बुडवतो. मग फ्लेक्स छापून येतो तेव्हा रंग उतरलेला वाटतो आणि दोष छपाईवाल्याला दिला जातो. शिंपी दोऱ्याची रीळ कापडाशी जुळवायला दुकानाबाहेर उजेडात जातो. मॉनिटरमध्ये तो उजेड म्हणजे एसआरजीबी मोड, १९९६ पासून चालत आलेलं रंगांचं सामायिक माप. कारखान्यातूनच रंग जुळवून आलेला मॉनिटर असेल तर त्याच्या माहितीपत्रकात ‘डेल्टा ई’ २ पेक्षा कमी असं लिहिलेलं असतं. हा रंगातल्या चुकीचा आकडा, जितका लहान तितका बरा.

‘राजी’च्या विष्णूच्या भागात पाणी आणि कमळं आहेत. निळा-हिरवा आणि फिका गुलाबी यांची इतकी हळुवार जवळीक मी दुसऱ्या कोणत्याही भारतीय गेममध्ये पाहिलेली नाही. भडक पडद्यावर ती पार नासते.

म्हणून माझा कौल २७ इंची, १४४०पी, एसआरजीबी मोड असलेल्या आयपीएस मॉनिटरला. १४४ हर्ट्झ त्यात आता बहुधा मिळतातच, पण त्यासाठी रंग सोडू नका. छायानाट्याचा काळोख थोडा कमी पडेल, तेव्हा मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर एक मंद दिवा लावा. हिंगोलीला किंवा नांदेडला मॉनिटर बघायला जाताना पेनड्राइव्हवर ‘राजी’तल्या कमळांचं एक चित्र आणि परतवारीचा स्वतः काढलेला एक फोटो न्या. दुकानदाराला व्हिव्हिड मोड बंद करायला सांगा आणि मगच किंमत विचारा.